पोटावरचा गोल वळ

१

हसीबला ज्या सलाईनच्या स्टँडनं मारलं, तो अजून कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. लोखंडी, जड बुडाचा, एक पाय वाकलेला. पोलिसांनी त्याच्याभोवती खडूनं रेघ ओढली होती आणि एवढ्या कामानं शीण आल्यामुळे ते चहाला गेले होते. मधल्या वेळात कुणीतरी फरशी फिनेलनं धुऊन काढली होती. तरी उंबऱ्याच्या फटीत, जिथं फडकं पोचत नाही तिथं, रक्त वाळून काळं पडलं होतं. भिंतीवर धुराचे फराटे होते. खिडकीला एकही काच उरली नव्हती.

चारुलताबाई भदाणे दारात उभं राहून हे बघत होत्या. धुळ्याच्या कोर्टात त्यांना ‘डॉक्टरांची वकील’ म्हणत आणि म्हणताना काही जण तोंड वाकडं करत. रोग ओळखला नाही म्हणून डॉक्टरवर खटला झाला, की खानदेशातला डॉक्टर आधी देव आठवायचा आणि मग चारुलताबाईंचा नंबर शोधायचा. पण बाई डोळे मिटून कुणाचंच वकीलपत्र घेत नसत. चुकलेल्याला त्या तोंडावर सांगत, "चुकलास. भरपाई दे आणि माफी माग." त्यामुळे त्या ज्याच्या बाजूनं उभ्या राहत, त्याच्याकडे न्यायाधीशही जरा नीट बघत.

झालं होतं ते असं. गिरणाकाठचा केळीवाला नवल महाजन रविवारी दुपारी जळगावच्या या खासगी रुग्णालयात आला. अंगात कणकण आणि डाव्या कुशीत जडपणा. सोबत धाकटा भाऊ किरण. डॉक्टर नाजमीन पिंजारीनं तपासून त्याला घरी जाऊ दिलं. सोमवारी पहाटे नवल मेला. सकाळी टेम्पोत प्रेत घालून जमाव आला. त्यांनी कॅज्युअल्टी फोडली, कागद पेटवले, रखवालदार हसीबचं डोकं ठेचलं आणि नाजमीनचा उजवा हात कोपरात मोडला. आता नाजमीनवर निष्काळजीपणानं जीव घेतल्याचा गुन्हा होता. हसीबच्या खुनाचा गुन्हा मात्र ‘अनोळखी जमावा’वर होता.

नाजमीन वरच्या वॉर्डात होती. हात प्लास्टरमध्ये, कपाळावर टाके, एक डोळा सुजून बंद. वय तिशीच्या आतलं. पहूरच्या गादीवाल्या असलमभाईंची ही मुलगी त्यांच्या सगळ्या भावकीतली पहिली डॉक्टर.

चारुलताबाईंनी खुर्ची ओढली. "हे बघ, वकिलाशी खोटं बोलायचं नाही. खोटं सापडलं तर मी परत धुळ्याला. काय झालं होतं त्याला?"

"तिल्ली, म्हणजे प्लीहा, वाढली होती, मॅडम. बरगडीखाली हाताला लागत होती. मजूर आणायला तो सारखा सातपुड्यात जायचा, दर वेळी हिवताप घेऊन यायचा. मी नातेवाइकांना नीट समजावलं. अशी तिल्ली नाजूक असते, पोटाला धक्का लागला तर फुटेल आणि जीव जाईल. भरती करा म्हटलं. पण रविवार होता, सोनोग्राफी बंद. उद्या सकाळी आणतो म्हणाले. हसीबभाईंनी व्हीलचेअर गाडीपर्यंत नेली. त्यांनीही बजावलं, भाऊ, खड्डे चुकवत न्या."

"आणि किरण सांगतो, की तू गॅस सांगितलास, सुई टोचलीस आणि हाकललंस."

"हो."

"तू समजावलंस, याला साक्षीदार?"

"हसीबभाई," नाजमीन म्हणाली आणि तिचा उघडा डोळा भरून आला. "केसपेपर किरणकडे होता. आमच्याकडचं सगळं जळलं."

साक्षीदार मेलेला, कागद जळलेला. याहून वाईट खटला चारुलताबाईंकडे बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

"मॅडम, मला वाचवा असं मी म्हणत नाही," नाजमीन खालच्या आवाजात बोलली. "सोमवारपासून मी मनातल्या मनात त्याचं पोट पुन्हा पुन्हा तपासतेय. पोट मऊ होतं, नाडी चांगली होती. पण तिल्ली तेव्हाच फुटायला लागली असेल आणि मला कळलं नसेल तर? मी चुकले का, एवढं शोधून द्या. चुकले असेन तर पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावणार नाही मी."

बाई उत्तर देणार तोच फोन वाजला. शवविच्छेदन करणारे सरकारी डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते.

"वाढलेली तिल्ली फुटलीय, पोटभर रक्त," ते म्हणाले. "बाहेरून काठीचा, लाथेचा मार दिसत नाही. फक्त बेंबीभोवती एक गोल वळ आहे, मोठ्या वाटीच्या तोंडाएवढा. तुमच्या डॉक्टरणीनं पोटावर कसलं यंत्र लावलं होतं, हे विचारा."

बाईंनी विचारलं.

"यंत्र? मी फक्त हात लावला होता."

२

जळगावात रुग्णालय फुटलं, की मगन सूर्यवंशीचं नाव निघणारच. बसस्टँडमागं त्याचं ऑफिस होतं. दारावर रुग्णांच्या हक्काची भली मोठी पाटी, आत चार खुर्च्या आणि मगनचे हार घातलेले फोटो. कुठं रोगी दगावला, की मगन पोरं घेऊन पोचायचा, आरडाओरडा करायचा आणि मग मालकाबरोबर बंद खोलीत बसायचा. हसीब मेल्यापासून मात्र त्याचा ताठा उतरला होता. चारुलताबाईंना बघून त्यानं स्वतः पंखा लावला.

"बसा, ताई. तुम्ही डॉक्टरांकडून, आम्ही गरिबांकडून. भांडण तत्त्वाचं आहे."

"तत्त्वानं रखवालदाराचं डोकं फोडलंत का?"

मगनचा चेहरा पडला. "मी गर्दी जमवतो, ताई. मुडदे पाडत नाही. त्या पोरीला कुणी सोडवलं विचारा. मी किरणच्या कमरेला मिठी मारली म्हणून ती जिवंत आहे."

"हे कोर्टाला कसं पटायचं? गर्दीचा पुढारी म्हणून पहिलं नाव तुझंच लागेल. पुरावा असेल तर आजच दाखव."

पुरावा होता. अशी पोरं मारामारी करतील आणि तिचा व्हिडिओ काढणार नाहीत, असं होतच नाही. मगननं तो पोलिसांना दिला नव्हता, कारण त्यात त्याचीच माणसं नाचत होती. त्यानं मोबाइल बाईंच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

व्हिडिओची सुरुवात फाटकापासून होती. टेम्पो, त्यात चादरीखाली प्रेत, बाजूला रडणाऱ्या बाया. मग कॅमेरा हलत हलत आत शिरला. सगळ्यांच्या पुढं किरण होता, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. "मना भाऊनी तिल्ली फुटनी! अन् ह्या लोके गॅस सांगतंस!" तो ओरडत होता. काच फुटली. दाराशीच टेबलामागं नाजमीन उभी होती, किरणनं हात लांब केला असता तर हाताला लागली असती. पलीकडे भिंतीशी हसीब स्टुलावरून उठत होता, दोन्ही तळवे पुढं केलेले, थांबा थांबा म्हणत. किरणच्या हातातला लोखंडी स्टँड वर गेला आणि खाली आला. हसीब गुडघ्यावर बसला. स्टँड पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा तो हसीबच्या कानावर बसला तेव्हा जो आवाज आला, तो ऐकून चारुलताबाईंनी मोबाइल लांब धरला. त्यानंतर किरण नाजमीनकडे वळला. तिनं हात आडवा धरला आणि तो कोपरात उलटा वाकला. मग मगनच्या मिठीत तडफडणारा किरण, धूर, आणि व्हिडिओ संपला.

"हा मला पाठव," बाई म्हणाल्या. "आणि नवलच्या पोटावरचा वळ? तुझं काय म्हणणं?"

"दवाखान्याचं यंत्र. दुसरं काय असणार?" मगननं मान झटकली. "तपासायला गेला तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता त्याच्या."

रुग्णालयाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली हसीबची बायको सितारा बसली होती. प्रेत मिळायचं होतं. भोवती मोहल्ल्यातल्या बाया, पण तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. चारुलताबाई तिच्याशेजारी मातीतच टेकल्या.

"बाजी, एक बात बताओ," सितारा म्हणाली, मग मराठीवर आली. "डॉक्टरवर राग होता, समजलं. माझ्या माणसानं कुणाचं काय बिघडवलं होतं? तो तर फक्त गाडी ढकलायचा."

गाडीत बसून चारुलताबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मधेच थांबवला. भावाला मारणारी डॉक्टर हातभर अंतरावर उभी आहे, आणि संतापानं आंधळा झालेला भाऊ तिला ओलांडून रखवालदाराकडे धावतो. आंधळा माणूस एवढा नेम धरून धावतो कसा?

३

महाजनांचं घर गावाच्या कडेला, मागं केळीच्या बागा. ओट्यावर पाहुणे बसले होते. किरणनं मुंडण केलं होतं, अंगावर पांढरं धोतर. त्यानं वकीलबाईंना हाकललं नाही, उलट पाणी दिलं. गावात आपण किती सभ्य आहोत हे दाखवायची संधी त्यानं वाया घालवली नाही.

"आमचं घरचं माणूस गेलं, मॅडम," तो शहरी मराठीत म्हणाला. कॉलेजची दोन वर्षं त्यानं जळगावला काढली होती. "पोरांचा तोल गेला असेल. पोलिसांना सांगितलंय, सुतक फिटलं की हजर होतो. पण डॉक्टरणीला सोडणार नाही."

"तिनं काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"गॅस. पोट साफ होईल, जा म्हणाली."

"तिल्लीचं काहीच बोलली नाही?"

"नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर भावाला घरी आणला असता का मी?"

त्याचे डोळे ओले होते. बाईंनी अनेक रडणारी माणसं पाहिली होती. याचं रडणं खोटं वाटत नव्हतं, आणि तेच त्यांना खटकलं.

नवलची बायको दिपमाला मागं गोठ्यात होती. वकीलबाई कुणाची आहे हे कळताच तिनं हातातला पाण्याचा हंडा सरळ अंगावर भिरकावला. हंडा चारुलताबाईंच्या गुडघ्यावर आदळला, पातळ चिंब झालं आणि त्या कळवळून गव्हाणीवर बसल्या.

"मना नवराले मारी टाकं तिनी!" दिपमाला किंचाळली. "आते काय मना जीव लेवाले उनी का तू?"

"नाही," बाई गुडघा चोळत म्हणाल्या. "तो कशानं गेला हे शोधायला आले. डॉक्टरणीनं मारलं असेल तर मी स्वतः तुझ्या बाजूनं बोलेन. मला सांग, तुझ्या मालकांना डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

दिपमालाचा जोर ओसरला. ती शेणाच्या पाटीवर टेकली. "त्यासले कोठे सांगं तिनी? त्यासले आतमा बसाडी ठेवं अन् किरणभाऊले बाहेर बलाई सांगं. घर उनात ते बोलनात, माले काय व्हयेल शे ते किरणलेच माहीत. तो सांगस, काहीच नही, बेंबी सरकेल शे."

"गॅस नाही? बेंबी?"

"बेंबीच."

बाईंनी ते मनात ठेवलं. "रविवारी ते खुशीत होते की काळजीत?"

दिपमालानं ओट्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. मंगळवारी पाचोऱ्याला कोर्टाची तारीख होती. गेल्या साली ट्रॅक्टरखाली सापडून सातपुड्यातला एक मजूर मेला होता. ट्रॅक्टर दारू पिऊन किरण चालवत होता. धाकट्याचं लग्न ठरतंय, त्याचं आयुष्य नको नासायला, म्हणून नवलनं आळ स्वतःवर घेतला होता. पण त्या मजुराची बायको दर तारखेला लहान पोर घेऊन कोर्टाच्या पायरीशी येऊन बसायची आणि नवलला घास जाईना झाला होता.

"मालक बोलनात, आते मंगळवारले खरं सांगी देसू. किरणभाऊले बी सांगं त्यासनी. दोन्ही भाऊ शनवारले खूप भांडनात." तिनं पदर तोंडाशी धरला. "पन रविवारले किरणभाऊच त्यासले दवाखानामा ली गया. माले वाटनं, राग निवयना व्हई त्याना."

"जळगावहून आल्यावर नवल कुठं गेले होते का?"

"कोठेच नही. निंबा आबाकडे तेवढा गयात, बेंबी बसाडाले. तठून उनात अन् मंग पोट जास्तीच दुखाले लागनं."

चारुलताबाई गव्हाणीवरून उठल्या. "हे पोलिसांना सांगितलंस?"

दिपमालानं आश्चर्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "त्यामा काय सांगानं? बेंबी ते बठ्ठाच बसाडतंस."

बाईंनी कपाळाला हात लावला. बेंबीभोवतीचा गोल वळ! जन्म खानदेशात गेला आणि आपल्याला यंत्र शोधायची बुद्धी झाली, म्हणून त्यांना स्वतःचाच संताप आला. पोट दुखलं की बेंबीवर कणकेचा गोळा ठेवायचा, त्यात वात पेटवायची आणि वर पितळी तांब्या पालथा घालायचा. तांब्या कातडीला घट्ट चिकटतो, पोट वर ओढतो. मग चोळून बेंबी जागेवर बसवायची. गावोगाव चालतं. इतकं रोजचं, की सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटतही नाही.

"वहिनी, आत जा."

गोठ्याच्या दारात किरण उभा होता. तो किती वेळ तिथं होता, हे कळायला मार्ग नव्हता.

४

चारुलताबाईंनी गाडीत बसताच निरीक्षक बन्सीलाल गिरासेंना फोन केला, मगनचा व्हिडिओ पाठवला आणि निंबा आबांच्या खळ्यावर या म्हणून सांगितलं. ते येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण थांबणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

निंबा आबा नवल-किरणचे सख्खे काका. तरुणपणी कुस्ती खेळलेले, आता सत्तरी ओलांडलेली, तरी खांदे रुंद. खळ्यात बाजेवर एकटेच बसले होते. पोटाला हात लावून चारुलताबाई समोर वाकल्या.

"आबा, पोट दुखतंय सकाळपासून. बेंबी सरकलीय वाटतं. तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात."

म्हातारा ताडकन मागं सरला. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं लपवले.

"नही. आते मी कोनाच्या पोटले हात लावत नही. जा, ताई, दवाखानामा जा."

"कधीपासून लावत नाही, आबा? रविवारपासून?"

आबांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते बाजेवर कोसळल्यासारखे बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"किरण उना त्याले लीसन. बोलना, आबा, डाक्टरीनबाईनीच धाडं शे. बेंबी डावीबाजूले सरकेल शे, हलकं दाबशात ते बसाव नही, गुडघा ठेवीसन दाबा. मी बोलनू, गुडघा कसाले? तो बोलना, तिनीच सांगेल शे. मंग मी तांब्या लावा, अन् गुडघा ठेवा. नवल वरडना. किरणनी त्याना हात धरी ठेवात, बोलना, सोडू नका आबा, बसनी का बरं लागी त्याले." आबांनी स्वतःचा गुडघा मुठीनं बडवला. "मी मारं त्याले, ताई. मनाच गुडघानी. कसं सांगू कोनले?"

"तुम्ही नाही मारलं, आबा." चारुलताबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "नीट ऐका. डॉक्टरीण असं सांगूच शकत नाही. तिला नवलची तिल्ली वाढलेली लागली होती. पोटाला धक्का लागला तर फुटेल, हे तिनं बजावलं होतं."

"कोनले बजाडं?"

"किरणला. एकट्या किरणला. आता त्याच्या बोलण्यातला घोळ बघा. पोलिसांना तो सांगतो, डॉक्टरीण गॅस म्हणाली. तुम्हाला आणि दिपमालाला सांगितलं, बेंबी सरकली. आणि दवाखान्यात शिरताना तो ओरडतोय, भावाची तिल्ली फुटली. माझ्याकडे व्हिडिओ आहे. तेव्हा प्रेत टेम्पोत होतं, आबा. कुणी उघडून बघितलं नव्हतं. गॅस म्हणणाऱ्या डॉक्टरकडून त्याला तिल्ली कशी कळली? आणि फुटली हे तर डॉक्टरणीलाही माहीत नव्हतं. ते फक्त त्यालाच माहीत असणार, ज्यानं ती फोडून घेतली."

आबांचं रडणं थांबलं होतं.

"डॉक्टरीण बोलली तेव्हा जवळ आणखी एक माणूस होता," बाई पुढं म्हणाल्या. "हसीब. त्यानं सगळं ऐकलं होतं, खड्डे चुकवत न्या म्हणून बजावलंही होतं. म्हणून दवाखान्यात शिरल्यावर किरणनं आधी त्याला संपवलं. मग डॉक्टरणीला संपवायचं होतं. गर्दीत मेली असती तर कुणी काही विचारलं नसतं. आणि जगली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? जिनं रोग ओळखला नाही, तीच ती, असं त्यानं गावभर करून ठेवलं होतं."

"अन् नवलनी त्यानं काय बिघाडं व्हतं?"

"मंगळवारी तो ट्रॅक्टरचं खरं सांगणार होता."

कुंपणाची काटेरी फांदी मोडल्याचा आवाज आला. किरण आत आला होता. हातात केळीचे घड कापायचा लांब विळा. चेहऱ्यावर मघाची सभ्यता नव्हती.

"आबा, बाजूले व्हा."

बाई उठेपर्यंत त्यानं वार केला. तो मानेवर यायचा होता, पण हंड्याच्या मारानं दुखावलेला गुडघा नेमका वाकला, त्या खाली गेल्या आणि विळा दंडावरून खोल घासत गेला. रक्त भळभळून बोटांपर्यंत आलं. किरणनं पुन्हा विळा उचलला. तो खाली आलाच नाही. निंबा आबांनी मागून त्याचं मनगट पकडलं होतं. हात म्हातारे होते, पकड म्हातारी नव्हती. मनगटाचं हाड कडकन वाजलं आणि विळा खाली पडला. आबांनी पुतण्याला उचलून बाजेवर आदळलं, बाजेची पाटी तुटली, आणि त्यांनी त्याच्या छातीवर गुडघा रोवला.

"असाच ठेवाले सांगा व्हता ना तू माले? असाच?"

बरगडी मोडल्याचा आवाज बाईंनी स्पष्ट ऐकला. किरणच्या तोंडातून रक्ताचा फेस आला. डोळे बाहेर आले. "आबा, श्वास..." एवढंच तो बोलू शकला. आबांनी आणखी भार टाकला.

"आबा, सोडा!" चारुलताबाई दंड दाबून धरत ओरडल्या. "मरू देऊ नका त्याला! तो मेला तर ती पोर जन्मभर खुनी राहील! मला याचं तोंड हवंय, आबा. खरं याच्याच तोंडातून यायला पाहिजे!"

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. कुणाबद्दल बोलतात हे त्यांना समजायला वेळ लागला. मग ते हळूहळू बाजूला झाले आणि मातीत बसले.

किरण कण्हत कुशीवर वळला. बाई त्याच्या कानाशी वाकल्या.

"हसीबनं काय ऐकलं होतं?"

"सगळं," किरण रक्त थुंकत म्हणाला. "तिल्लीचं सगळं ऐकलं होतं त्यानं." आणि तो मोठ्यानं रडायला लागला, भावाचं नाव घेऊन. ते रडणंही खोटं नव्हतं.

खळ्याच्या दारात जीप थांबली होती. निरीक्षक गिरासेंनी आतलं दृश्य पाहिलं, शेवटचं वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदाच चहाचं नाव न काढता कामाला लागले.

५

दंडाला टाके घालून घेऊन चारुलताबाई दुसऱ्या दिवशी दुपारी नाजमीनच्या वॉर्डात गेल्या. किरणनं जबाब दिला होता. नाजमीनवरचा गुन्हा आता टिकणार नव्हता. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता.

"तू चुकली नव्हतीस. सोनोग्राफीशिवाय नुसत्या हातानं जे ओळखायचं ते अचूक ओळखलंस. त्याची तिल्ली तुझ्याकडून जाताना शाबूत होती."

नाजमीननं डोळे मिटले. बंद पापण्यांतून पाणी गालावर आलं. खूप दिवसांनी पोटभर श्वास घ्यावा तसा तिनं श्वास घेतला. चारुलताबाईंना बरं वाटलं. या धंद्यात असे क्षण फार वाट्याला येत नाहीत.

मग नाजमीननं डोळे उघडले.

"मॅडम, भावानं सांगितलं म्हणून नवल आबांपुढं झोपला?"

"हो."

"म्हणजे त्याला स्वतःला माहीतच नव्हतं."

चारुलताबाईंनी खुर्ची खाटेजवळ ओढली.

"मी त्याला आत बसवलं आणि किरणला बाहेर बोलावलं. रोगी घाबरतो, म्हणून आम्ही घरच्या माणसाला सांगतो. सगळेच तसं करतात. मला शिकवणाऱ्यांनीही तसंच केलं. मी हे त्याच्या तोंडावर सांगितलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. वकीलपत्र संपलं होतं आणि पोर आधीच पुरती मोडली होती. पण पहिल्या दिवशी खरं बोलायची अट बाईंनीच घातली होती, आणि ती एकतर्फी नव्हती.

"तर तो त्या गुडघ्याखाली झोपला नसता," त्या म्हणाल्या. "हसीबही बहुधा जिवंत असता. कोर्ट तुला हे कधीच विचारणार नाही. कुठल्याच कायद्यात हा गुन्हा नाही. पण तू मला विचारलंस, म्हणून सांगितलं."

नाजमीन आता रडेल किंवा राजीनाम्याचं बोलेल असं बाईंना वाटलं. दोन्हीसाठी त्यांनी मनाची तयारी केली होती.

समोरच्या खाटेवर चाळिशीची एक बाई होती. मुक्ताईनगरहून छातीत दुखतं म्हणून सकाळी आणलेली. तरुण डॉक्टर फैज तिला तपासून सरळ झाला, तिच्याकडे बघून हसला, आणि मग तिच्या नवऱ्याला खूण करून दारापलीकडे घेऊन गेला. दोघं तिकडे हळू आवाजात बोलू लागले. ती बाई मान उंचावून त्यांच्या ओठांकडे बघत होती, तिथून काही कळतं का ते शोधत होती.

नाजमीननं चादर बाजूला केली. चारुलताबाईंनी तिला थांबवायला हात पुढं केला, तो तिनं हलकेच दूर सारला. प्लास्टरचा हात छातीशी धरून, भिंतीचा आधार घेत ती दारापर्यंत चालत गेली.

"फैज," ती म्हणाली, "आत ये. त्यांना सांग. छाती त्यांची आहे."

फैज गोंधळला. "मॅम, त्या घाबरतील."

"घाबरू दे," नाजमीन म्हणाली, आणि त्या बाईच्या खाटेच्या कडेवर बसून तिनं डाव्या हातानं तिचा हात धरला.